आजोबा, मला उचला

किटलीची दांडी ढिली झाली होती म्हणून मी स्वयंपाकघरात उभा राहून तिचा स्क्रू आवळत होतो, दुपारचे साडेतीन वाजले असतील, आणि आतल्या खोलीतून एका पुरुषाचा आवाज आला, "आजोबा, मला उचला. मरतोय मी इथे." घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी अकरा वर्षांची नात. आवाज चांगल्या बाप्याचा, पस्तीस-चाळिशीचा, सर्दी झाल्यासारखा बसका. तरी माझ्या तोंडून "आलो" गेलं. कोण, कुठला, आत कसा शिरला, हे सगळं नंतर सुचलं. आधी "आलो" गेलं, मग स्क्रूड्रायव्हर पायाच्या बोटावर पडला, आणि भार सुटल्यावर क्रेनचा दोर जसा एकदम हलका होऊन भेलकांडतो तसं छातीत झालं. उचल हा शब्द मला झोपेतही हलवतो. जहाजदुरुस्तीच्या गोदीत चाळीस वर्षं मी क्रेनच्या खाली उभा राहून इशारे दिले. क्रेनवाला वर केबिनमध्ये, पाच मजले उंच. त्याला खालचं धड दिसत नाही. खालचा माणूस म्हणजे त्याचे डोळे. बोट वर करून फिरवलं की उचल, बोट खाली केलं की सोड, मूठ आवळली की आहे तिथे थांब. बोलायचं काही नाही, लिहायचं तर मुळीच नाही. अक्षरशत्रू माणसाला याच्यापेक्षा बरी नोकरी सापडली नसती. माझ्या डोक्यावर अकरा वर्षं एकच माणूस होता आणि त्या अकरा वर्षांत मी त्याचं तोंड धड पाहिलं नव्हतं. तो माझ्याआधी वर चढायचा आणि माझ्यानंतर उतरायचा. काचेमागे एक निळी टोपी, एवढीच ओळख. पण माझ्या एका बोटावर तो जहाजाचा अख्खा पंखा हवेत फिरवायचा, आणि मी त्याच्या हाताच्या भरवशावर खाली उभा असायचो. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्यावर जीव सोपवता येतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि नेमकं त्यामुळेच आतल्या खोलीत जे चाललं होतं त्याला मी होकार द्यायच्या बेतात होतो.

ठरवायचं काम माझ्यावर आलं होतं. शाळेच्या बाईंनी पालकांना बोलावून सांगितलं होतं, की मुलं आता एकेकटी खेळत नाहीत, यंत्रावर अनोळखी माणसांच्या टोळ्या करून खेळतात, खेळता खेळता त्यांच्याशी बोलतात; शाळा यात पडणार नाही, ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावं. माझी मुलगी चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात जाते, सकाळी आठला बाहेर पडते ती साडेसहाला येते, आणि आल्यावर दहा मिनिटं डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसते. जावई बोटीवर. तो फोनवर म्हणाला, सगळी खेळतात, खेळू दे. मुलगी म्हणाली, खेळू दे म्हणायला काय जातंय, समुद्रातून. मग माझ्याकडे वळली. बाबा, दुपारी घरात तुम्ही असता, तुम्ही आठवडाभर बघा आणि शुक्रवारी मला सांगा. हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर त्या दिवसापासून बंद, मी मध्ये बोलणार नाही. जन्मभर इशारे दिलेत, हाही तुम्हीच द्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्या माणसाला घरात लोक औषधाची वेळ विचारतात, मत कुणी विचारत नाही. सहा दिवस मी खुर्ची दाराशी ओढून बसलो. नात कानावर ते मोठे गोळे चढवून बसायची, त्यामुळे तिकडचं मला काही ऐकू येत नसे, नुसतं तिचं बोलणं ऐकू येई. "मी आलो, थांबा. मी डावीकडे आहे. पडलो, पडलो." पडद्यावर छोटी छोटी माणसं पळायची, एखादं गुडघ्यावर कोसळायचं, दुसरं धावत जाऊन त्याला हात द्यायचं, वेळेत कुणी गेलं नाही तर ते पुसून जायचं. मला त्यात वाईट दिसलं नाही. उलट कोसळलेल्याला सोडून जायचं नाही असा खेळाचाच नियम, हे मला पसंत पडलं. ती आले-पडले न म्हणता आलो-पडलो म्हणते हे माझ्या कानाला खटकलं होतं, पण हल्ली मुली तसंही बोलतात, आणि सातवं दशक उलटलेल्याने त्यांच्या क्रियापदांवर पहारा करू नये असं म्हणून मी ते सोडून दिलं. आवाजही ती जाड काढायची. त्याला मी सर्दी समजलो.

आज शुक्रवार होता. मी खोलीत गेलो तेव्हा गोळ्यांची वायर यंत्रातून निसटून खाली लोंबत होती आणि तिकडचा आवाज उघडा पडला होता. नात ती वायर परत घुसवायला बघत होती, घाईत भोक सापडत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मीच घाबरलो. मी विचारलं, कोण बोलावतंय मला? ती म्हणाली, "तुम्हाला नाही. मला." मी म्हटलं, आजोबा म्हणाला तो. ती म्हणाली, "हो. तिथे आजोबा मी आहे." एवढं बोलून ती पायाच्या नखाकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात काही शिरेना. खोली तीच होती, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला तिचा मोजा तोच होता, पण माझं नाव, म्हणजे जे नाव मला फक्त या एका पोरीने दिलंय, ते कुणीतरी माझ्या अंगावरून काढून दुसरीकडे अडकवलं होतं. हळूहळू तिने सांगितलं. त्या खेळात लहानांना बोलता येत नाही, बोलायला मोठ्या माणसाचं खातं लागतं. म्हणून तिने माझं काढलं. जन्मसाल माझं, नाव आजोबा. बोलायचं तर म्हाताऱ्यासारखं बोलायचं, आलो-गेलो म्हणायचं. मी विचारलं, पण माझ्या परवानगीशिवाय ते लोक खातं देतात कसं? तेव्हा ती अगदी सरळपणे म्हणाली, "तुम्ही दिलीत की. अंगठा नाही का ठेवलात?"

ठेवला होता. दोन महिने झाले असतील. ती यंत्र घेऊन आली होती, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक लिहिलेलं होतं आणि खाली एक गोल. आजोबा, इथे जरा अंगठा ठेवा. मी बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलो. ज्या दिवशी हजेरीच्या वहीत पहिली सही केली त्या दिवशी हजेरीवाल्याने शाईचं पॅड उचलून खणात टाकलं आणि म्हणाला, सुटलात अंगठेबहाद्दर. मी घरी येऊन साबणाने अंगठा घासला होता, दोनदा, शाई नसतानाच. पुन्हा कुठे अंगठा द्यायचा नाही असं ठरवलं होतं. तरी दिला. कारण मी वाचतो ते एकेका अक्षराला बोट लावून, ओठ हलवत. नात शेजारी उभी होती, पाय आपटत होती. तिच्यासमोर ती मुंग्यांची रांग वाचायला बसलो असतो तर पाव तास गेला असता आणि ती मनात हसली असती, निदान मला तसं वाटलं असतं. मी गमतीने म्हटलं, सही नाही का चालणार? ती म्हणाली, इथे अंगठाच लागतो. आणि अंगठ्याला वाचावं लागत नाही. अंगठा पटकन होतो. काम झाल्यावर ती उड्या मारत गेली आणि मला वाटलं, चला, आपला काही उपयोग झाला.

मी हे सगळं पचवत पलंगाच्या कडेवर बसलो होतो, आणि यंत्र बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. त्यातून तोच बसका आवाज पुन्हा आला. आता तो मरत नव्हता, कुणीतरी उचललं असावं, निवांत होता. "आजोबा, गेलात का? बरं, त्या पाटीचं पुढे काय झालं? खिशात ठेवलीत, मग?" नातीने झडप घालून यंत्र पालथं केलं. आवाज गादीत घुसमटला. मी जागचा हललो नाही. ती पाटी माझ्या खिशात गेली हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरी नात: गेल्या हिवाळ्यात तिचा हात मोडला, प्लास्टर घालून ती तीन आठवडे माझ्याजवळ घरी होती, तेव्हा एका दुपारी तिने विचारलं, कटरआजोबांचा पाय कुठे गेला? कटर म्हणजे माझा गोदीतला सोबती, गॅसने लोखंड कापायचा. त्याला हे नाव इतकं चिकटलंय की त्याची बायकोही कटरच म्हणते. मी तिला नेहमीचं उत्तर द्यायला सुरुवात केली, की अपघात झाला, आणि मध्येच कुठेतरी धागा सुटला आणि वीस वर्षं आत कोंबलेलं सगळं त्या पोरीच्या पुढ्यात येऊन पडलं. की लोखंडी तुळई उचलायची होती. की भार बांधायला कोठारातून आलेल्या पट्ट्याला तारेने एक पत्र्याची पाटी बांधली होती आणि तिच्यावर रंगाने काहीतरी लिहिलं होतं. आकडा असता तर मी ओळखला असता. आकडे मला येत होते. ही अक्षरं होती. मला वाटलं कोठाराचं नाव असेल. विचारायचं कुणाला? मला वाचता येत नाही हे गोदीत फक्त हजेरीवाल्याला ठाऊक होतं, बाकीच्यांपुढे मी सकाळी वर्तमानपत्र धरून बसायचो. पाटी पट्ट्यात अडकत होती म्हणून मी ती सोडवून खिशात टाकली आणि बोट वर करून फिरवलं. निळ्या टोपीने उचललं. तुळई माणसाच्या उंचीएवढी गेली आणि पट्टा फाटला. कटर खालून पलीकडे जात होता. चौकशीत कोठारातला माणूस म्हणाला, मी पाटी बांधली होती. पण पाटी सापडली नाही. शेवटी कागदावर आलं की कटरने भाराखालून जायला नको होतं. कटरनेही मान्य केलं. आजही म्हणतो, माझीच चूक, उगाच कुणाला कशाला बोल लावू. पुढच्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात गेलो, आणि जेव्हा तीन अक्षरं जोडता यायला लागली तेव्हा पेटीच्या तळातून ती पाटी काढून वाचली. खराब. एवढंच लिहिलं होतं. खराब.

आता ते एका सर्दीवाल्याला माहीत होतं. आणखी किती जणांना? नात म्हणाली, चार. त्यातला हा खिळा. खरं नाव नाही, तिथलं नाव. बाकी एक डुलकी, एक झुरळ आणि एक जण नुसता आकडा. मी म्हटलं, दे ते गोळे इकडे. तिने माझ्या कानांवर चढवले. आत मऊ होतं, तिच्या केसांना येतो तो शाम्पूचा वास होता, आणि त्या मऊपणात तो माणूस माझ्या मेंदूच्या अगदी जवळ श्वास घेत होता. निळी टोपी अकरा वर्षांत कधी इतकी जवळ आली नव्हती. मी म्हणालो, मी आजोबा बोलतोय. खिळा हसला. म्हणाला, आज आवाज छान जमलाय की. मी म्हटलं, मी खरा आजोबा बोलतोय, ती माझी नात आहे, अकरा वर्षांची, तुम्ही इतके दिवस एका मुलीशी बोलत होता. मला वाटलं होतं तो दचकेल. माफी मागेल, किंवा रागावेल, किंवा चटकन निघून जाईल. तो साध्या आवाजात म्हणाला, "ते माहितीये हो. पहिल्याच आठवड्यात कळलं. एकदा चुकून 'आले' म्हणाली ना." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, "काय बोलायचं? खेळ बिघडला असता." मी विचारलं, आणि कळल्यावरही तिला आजोबा म्हणत राहिलात? तो म्हणाला, तिला आवडतं. मग विचारलं, तुम्ही रागावलात का? रागावू नका, चांगली पोर आहे, गोष्टी फार छान सांगते. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. म्हणजे मला सापडली नाही. भला माणूस असेल, एकटा असेल, कुठल्या तरी खोलीत नाक शिंकरत बसला असेल. किंवा नसेल. नेमकं हेच मला कळत नव्हतं आणि कळायची सोय नव्हती. निळ्या टोपीचं तोंड मी पाहिलं नव्हतं, पण तो आणि मी एकच तुळई बघत होतो; त्याची चूक झाली तर डोकं माझं फुटणार होतं आणि माझी झाली तर जाब त्यालाही द्यावा लागणार होता. या माणसाला कशाचा जाब द्यावा लागणार होता? समोर मूल आहे हे त्याने ओळखलं, आणि ओळखून गप्प राहिला, कारण खेळ बिघडला असता. हे वाक्य मला इतकं ओळखीचं वाटलं की मी घाईने कानावरचे गोळे काढले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

त्यानंतर साडेसहापर्यंत आम्ही दोघं एकमेकांना चुकवत त्याच तीन खोल्यांत हिंडलो. मी किटली नीट केली, मग पुन्हा खोलून पुन्हा नीट केली. मनात नाही पक्कं झालं होतं. पण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. मुलगी का विचारणार. का म्हटलं की खातं आलं, खातं आलं की अंगठा आला, तिथवर ठीक होतं, म्हातारा फसला म्हणून ती हसलीही असती. पण अनोळखी लोकांना पोरगी काय सांगत होती, हे ती विचारल्याशिवाय राहणार नव्हती. चष्म्याच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारी बाई ती. आणि कटर परवा रविवारी येणार होता, एक रविवार सोडून येतो तसा. माझी मुलगी त्याला काका म्हणते. तिच्या लग्नात एका पायावर उभा राहून त्याने लोकांना वाढलं होतं. दुसरीकडे हो म्हणणं किती सोपं होतं. बघितलं आठवडाभर, काही वावगं नाही, खेळू दे. एक बोट वर करायचं. सहाच्या सुमाराला नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ चौकटीचा रंग नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही हो म्हणा ना. मग मी पण पाटीचं आईला सांगणार नाही." धमकी नव्हती ती. तिच्या डोळ्यांत मला नीट दिसत होतं, ती मला वाचवत होती. दोन माणसं एकमेकांचं झाकतात तसा साधा व्यवहार तिने मांडला होता, मोठ्या माणसासारखा, आणि तो तिला इतका सराईतपणे जमत होता की मी किटली बाजूला सरकवली. हे त्या खेळात शिकली का, असं माझ्या मनात आलं. तेव्हा तरी तेवढंच आलं. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे नाहीच.

मुलगी आली. दार लावून घेतलं, एक चप्पल काढली आणि दुसऱ्या पायावर तोल सांभाळत म्हणाली, काय परीक्षक, लागला का निकाल? मी म्हणालो, नाही. आजपासून बंद. तिने मान हलवली, ठीक आहे म्हणाली, दिलेला शब्द तिने पाळला असता, कदाचित का-सुद्धा विचारलं नसतं. तेवढ्यात नात म्हणाली, मग मी सांगू का? अगदी हळू. मी म्हणालो, नको, मीच सांगतो. आणि तिथेच, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून सांगितलं. अंगठा सांगितला, आजोबा सांगितला, खिळा सांगितला, आणि मग न थांबता पाटी. थांबलो असतो तर पुन्हा वीस वर्षं गेली असती. मुलीच्या एका पायात चप्पल होती ती तशीच राहिली. मी म्हणालो की तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणालो की खराब लिहिलं होतं, म्हणालो की रविवारी कटर येईल तेव्हा त्यालाही सांगेन. तिने कटरचं नाव ऐकून डोळे मिटले. मी तयार होतो. तिने मला काहीही म्हणावं, मी ते वीस वर्षं स्वतःला म्हणून पाहिलं होतं. पण ती माझ्याशी बोललीच नाही. तिने नातीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हे तू परक्या लोकांना जाऊन सांगितलंस? का गं?"

नात म्हणाली, "आजोबा म्हणाले होते, घरात कुणाला सांगायचं नाही."

मी म्हणालो होतो. प्लास्टरच्या त्या दुपारी सगळं सांगून झाल्यावर, डोळे पुसून, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, घरात कुणाला बोलू नकोस हं. मला ते आठवतही नव्हतं. बोलायची रीत म्हणून बोललो होतो.

"मग मी घरात नाही सांगितलं," ती म्हणाली. "रविवारी कटरआजोबा येतात तेव्हा दार मी उघडते. त्यांची कुबडी मी धरते. ते म्हणतात, माझी लाडाची पोर. तेव्हा मला कसंतरी होतं. कुणाला तरी सांगायचंच होतं. एकटीला नव्हतं होत."

मुलीने दुसरी चप्पल काढली नाही. ती तशीच खाली बसली, फरशीवर, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून, आणि दोन्ही हातांनी तिचे दंड धरून तिने तो प्रश्न विचारला जो संध्याकाळभर माझ्याही मनात होता, खिळ्याच्या बाबतीत. "नीट आठवून सांग. अजून काय काय सांगितलंय त्यांनी तुला? आणि कुणाला बोलू नकोस असं कशाकशाबद्दल म्हणालेत?"

खिळ्याबद्दल जे सांगायचं राहिलं होतं ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही थांबा, बाबा. मी तुमच्याबद्दल विचारतेय."